गोष्ट कल्पनेची, कसोटी हिशेबाची
प्रतिनिधी
सिंधुदुर्गनगरी

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची काही घराणी आजही चित्रकथीची परंपरा जपून आहेत. समोर चित्रांची पोथी, हाती वीणा आणि साथीला टाळ व हुडूक एवढ्या सामग्रीवर हे कलावंत पिढ्यान् पिढ्या रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले. एक चित्र श्रोत्यांसमोर धरायचे, त्यातला प्रसंग गाऊन आणि बोलून उलगडायचा आणि प्रसंग संपला की पुढचे चित्र घ्यायचे, अशी त्यांची रीत. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने वाढलेल्या या कलेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पिंगुळीचे नाव देशभर पोहोचले.

पिंगुळीपासून जवळच असलेल्या ओरोस येथे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयात, आज निराळ्या प्रकारच्या कथेकऱ्यांची गरज भासू लागली आहे. हा कथेकरी देवादिकांची आख्याने सांगणारा नाही. त्याच्या मनात एखाद्या उद्योगाची कल्पना आहे, खिशात पैसा नाही आणि समोर बसलेल्या अनोळखी माणसाला त्या कल्पनेवर विश्वास ठेवायला लावण्यासाठी त्याच्याकडे अवघी काही मिनिटे आहेत. त्याच्याही हाती चित्रांची पोथीच असते, फक्त ती संगणकाच्या पडद्यावर उमटते. दुर्दैवाने पिंगुळीच्या कथेकऱ्याला जे उपजत ठाऊक असते, तेच या नव्या कथेकऱ्याला बहुधा ठाऊक नसते. चित्र स्वतः बोलत नाही, बोलावे लागते ते सांगणाऱ्याला, हा तो साधा नियम.

केंद्र सरकारची ‘स्टार्टअप इंडिया’ योजना १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आपले नावीन्यपूर्ण स्टार्टअप धोरण जाहीर केले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या नाविन्यता सोसायटीची ‘स्टार्टअप यात्रा’ निघाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नवकल्पनांची सादरीकरणे झाली. जिल्हा पातळीवरील पहिल्या तीन कल्पनांना २५ हजार, १५ हजार आणि १० हजार रुपयांची पारितोषिके ठेवण्यात आली होती. रक्कम मोठी नव्हती, परंतु पुण्या-मुंबईबाहेरच्या तरुणालाही परीक्षकांसमोर उभे राहून आपली कल्पना मांडावी लागते, ही गोष्ट त्या निमित्ताने गावोगाव पोहोचली. उद्योगासाठी कर्ज मागणाऱ्याला प्रकल्प अहवाल कसा लिहावा हे जिल्हा उद्योग केंद्रात समजावून मिळते. अहवालातली कल्पना तोंडाने कशी सांगावी, हे मात्र फारसे कोणी शिकवत नाही.

अहवाल आणि गोष्ट

प्रकल्प अहवाल आणि गोष्ट यांत नेमका फरक कोणता? अहवाल ‘काय’ आणि ‘किती’ या प्रश्नांची उत्तरे देतो. यंत्र कोणते, जागा किती, कच्चा माल कुठला, खर्च केवढा, नफा कधीपासून, हे सारे त्यात असते आणि असायलाच हवे. गोष्ट मात्र ‘कोणासाठी’ आणि ‘कशासाठी’ या प्रश्नांपासून सुरू होते. तिच्यात एक माणूस असतो, त्याची एक अडचण असते, त्या अडचणीवर आजवर झालेले अपुरे उपाय असतात आणि मग काहीतरी बदलते. ऐकणाऱ्याच्या मनात तो माणूस उभा राहिला की पुढचे आकडे त्याला त्या माणसाचे वाटू लागतात. तो उभा राहिला नाही, तर तेच आकडे कुणा परक्याच्या खतावणीतले उरतात.

एकट्या माणसाच्या कहाणीची ही ताकद संशोधकांनीही तपासली आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोव्हिक या तिघांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना आफ्रिकेतील उपासमारीची आकडेवारी दिली, तर काहींना एका भुकेल्या मुलीची माहिती दिली. मुलीची माहिती वाचणाऱ्यांनी आकडेवारी वाचणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक मदत दिली. विशेष म्हणजे मुलीच्या माहितीला आकडेवारीची जोड दिली तेव्हा मदतीची रक्कम खाली आली.

यावरून ‘मग आकडे सांगूच नयेत’ असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो फसेल. तो अभ्यास दानाविषयीचा होता. दान देणारा पैसे परत येण्याची वाट पाहत नाही, गुंतवणूकदार पाहतो. दात्याचे मन द्रवले की काम झाले. गुंतवणूकदाराचे कुतूहल जागे झाले की काम सुरू होते, कारण त्यानंतर तो प्रश्न विचारू लागतो. गोष्टीने दार उघडते हे खरे, पण उंबरठ्याच्या आत हिशेबालाच जावे लागते.

वाटाण्याचा अंकुर

मराठी माणसाला याचे उत्तम उदाहरण शोधण्यासाठी अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली जे केले, त्याहून चांगला धडा आजच्या स्टार्टअपच्या शिबिरांतही क्वचितच मिळेल.

गिरगावातील एका चित्रपटगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून फाळके झपाटले. आपल्या पुराणकथाही अशाच पडद्यावर का दिसू नयेत, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. परंतु त्यासाठी भांडवल हवे होते आणि हिंदुस्थानात कथा सांगणारा पूर्ण लांबीचा चित्रपट बनवण्याचा धंदा तोवर अस्तित्वातच नव्हता. नफ्याचे दाखले द्यायला आधीचा कोणी यशस्वी माणूस नव्हता. अशा धंद्यासाठी कोणी सावकार पैसे का देईल? आयुर्विम्याच्या पॉलिसी त्यांनी गहाण टाकल्या, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले, तरी ते पुरेसे नव्हते.

फाळके यांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची रोज थोडी थोडी छायाचित्रे टिपली. ती सलग दाखवली तेव्हा जेमतेम मिनिटभरात मातीतून अंकुर फुटला, वाढला आणि त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखली जाणारी ही चित्रफीत त्यांनी निवडक लोकांना दाखवली. छायाचित्रण साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी ती पाहिली आणि पैसा उभा राहण्याची वाट मोकळी झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

या मिनिटभराच्या चित्रफितीत तीन गोष्टी एकवटल्या होत्या. पहिली म्हणजे, तिला सुरुवात, मध्य आणि शेवट होता. एका दाण्याचे पुढे काय होते, हे जाणून घेण्याची उत्सुकता तिने जागवली. दुसरी, ती कोणालाही समजेल अशी होती. कॅमेऱ्याची कळ कशी फिरते हे ठाऊक नसलेल्या माणसालाही वाटाण्याचे रोप ठाऊक होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे, गोष्ट हाच पुरावा होता. ‘मला हे तंत्र येते’ असे फाळके यांना तोंडाने सांगावे लागले नाही, ते पडद्यावर दिसत होते. गुंतवणूकदारापुढे गोष्ट सांगणे म्हणजे रंगवून बोलणे, हा गैरसमज या एका उदाहरणाने दूर व्हावा.

बोंडूचे काय करायचे?

आता सिंधुदुर्गातील एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, परंतु त्यातली अडचण खरी आहे. फेब्रुवारी ते मे या काळात जिल्ह्यातील काजूच्या बागांतून फिरणाऱ्याला झाडाखाली पडलेल्या लाल-पिवळ्या बोंडूंचा सडा दिसतो. बी पिळून काढायची आणि बोंडू तिथेच टाकायचा, ही सर्वसाधारण पद्धत. वजनाच्या दृष्टीने बोंडू हा बीच्या कितीतरी पट भारी. त्यात क जीवनसत्त्व भरपूर, पण चव तुरट आणि तोडल्यानंतर दिवसभरात खराब होऊ लागणारा. शेजारच्या गोव्यात त्यापासून फेणी होते. वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र काजूच्या सुधारित वाणांसाठी देशभर नावाजलेले आहे आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही बोंडूचा बराच भाग मातीतच जातो.

समजा, एका तरुणीने या बोंडूपासून सरबत करण्याचा उद्योग सुरू केला आहे आणि ती गुंतवणूकदारासमोर उभी आहे. ती पुढीलप्रमाणे सुरुवात करू शकते : ‘आमचा प्रकल्प फळप्रक्रिया क्षेत्रातील असून या क्षेत्रात प्रचंड वाव आहे. बोंडूमध्ये क जीवनसत्त्व मुबलक असते. आरोग्याविषयी जागरूकता वाढत असल्यामुळे आमच्या उत्पादनाला उज्ज्वल भवितव्य आहे.’ यातले एकही वाक्य खोटे नाही. मात्र ‘बोंडू’ शब्द काढून तेथे ‘आवळा’ घातला, तरी ही वाक्ये जशीच्या तशी चालतील. जे भाषण कोणाच्याही तोंडी शोभते, ते कोणाचेच नसते.

तीच तरुणी दुसऱ्या प्रकारेही सांगू शकते : ‘आमच्या घरी काजूची ऐंशी कलमे आहेत. मार्च महिन्यात आई सकाळी सहाला बागेत जाते आणि दहापर्यंत बिया पिळते. बियांची एक पिशवी घरी येते आणि त्याच्या कितीतरी पट वजनाची फळे ती झाडाखाली टाकून येते. बीला भाव मिळतो, फळाला एक पैसाही मिळत नाही. गेल्या हंगामात मी ती फळे गोळा करून दुपारच्या आत रस काढायला सुरुवात केली. तीन हजार बाटल्या भरल्या. त्यातल्या दोन हजार सहाशे विकल्या गेल्या. उरलेल्या चारशे का राहिल्या, तेही सांगते.’

दुसऱ्या मांडणीत विशेषणे जवळपास नाहीत. आई आहे, सकाळचे सहा आहेत, पिशवी आहे. ऐकणाऱ्याला टाकून दिलेले फळ दिसते आणि वाया जाणाऱ्या पैशाची कल्पना त्याला आपोआप येते. शेवटचे वाक्य तर सर्वांत मोलाचे. न विकलेल्या चारशे बाटल्यांचा उल्लेख तिने स्वतःहून केला, म्हणून विकल्या गेलेल्या दोन हजार सहाशे बाटल्यांवर समोरच्याचा विश्वास बसला. अनुभवी गुंतवणूकदार रोज यशोगाथा ऐकत असतो. स्वतःच्या चुकीचा हिशेब देणारा माणूस त्याला अपूर्वाईचा वाटतो.

त्यानंतर हिशेब येतो आणि तोही गोष्टीच्याच ओघात यायला हवा. बाटलीची छापील किंमत दीडशे रुपये, दुकानदाराचे कमिशन वजा जाता हाती येतात एकशे पाच. फळ, साखर, प्रक्रिया, बाटली, लेबल आणि वाहतूक मिळून खर्च पंचाहत्तर. म्हणजे बाटलीमागे उरतात तीस रुपये. भाडे, पगार, वीज असा वर्षाचा ठोक खर्च सहा लाख धरला, तर केवळ खर्च भरून निघण्यासाठी वीस हजार बाटल्या विकाव्या लागतील. हे मानीव आकडे आहेत. परंतु ‘आज तीन हजार, गरज वीस हजार’ हे अंतर ज्याला एका दमात सांगता येते, त्याला आपल्या धंद्याची नाडी सापडली आहे असे समजावे.

श्रोता पाहून आख्यान

गोष्ट कोणाला सांगायची, यावर ती कशी सांगायची हे ठरते. बँकेचा शाखाधिकारी आणि गुंतवणूकदार हे दोन अगदी वेगळे श्रोते आहेत आणि त्यांच्यात गल्लत झाली की उत्तम गोष्टही वाया जाते.

बँक कर्ज देते. उद्योग कितीही वाढला तरी तिला ठरलेल्या व्याजापलीकडे काही मिळणार नसते, आणि उद्योग बुडाला तर मुद्दल अडकते. त्यामुळे बँकेला ऐकायची असते ती सावधपणाची गोष्ट. हप्ता कोठून भरणार, पाऊस लवकर आला तर काय, माल पडून राहिला तर खेळते भांडवल कसे पुरणार, हे तिचे प्रश्न. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेतही अनुदान सरकारचे असले तरी कर्ज शेवटी बँकच देते, हे विसरून चालत नाही.

गुंतवणूकदार मात्र कर्ज देत नाही, तो कंपनीचा हिस्सा विकत घेतो. दहा ठिकाणी पैसे घातले तर त्यातील बरेचसे बुडणार, हे तो गृहीत धरून चालतो. उरलेल्या एक-दोन ठिकाणी ते अनेक पटींनी वाढले तरच त्याचा व्यवहार जमतो. म्हणून त्याला वाढीची गोष्ट ऐकायची असते. आज एका गावात आहे ते उद्या शंभर गावांत कसे होईल आणि ते दुसऱ्या कोणाला सहजासहजी का करता येणार नाही, हे त्याचे प्रश्न असतात.

येथे अनेक नवउद्योजकांचा पाय घसरतो. वरच्या उदाहरणातील तरुणीने ‘दहा टक्के हिश्शाच्या बदल्यात पंचवीस लाख द्या’ असे म्हटले, तर त्याचा अर्थ काय होतो? दहा टक्क्यांचे पंचवीस लाख, म्हणजे गुंतवणुकीनंतर संपूर्ण कंपनीचे मूल्य अडीच कोटी. प्रत्यक्षात दोन हजार सहाशे बाटल्यांतून हाती आलेली रक्कम दोन लाख त्र्याहत्तर हजार. म्हणजे वर्षाच्या विक्रीच्या नव्वद पटीहून अधिक मूल्य ती मागते आहे. आईची, पहाटेची, पिशवीची गोष्ट कितीही मनाला भिडली, तरी हा भागाकार समोरचा माणूस मनातल्या मनात करतो आणि शांतपणे चहाचा कप खाली ठेवतो.

अशा उद्योगाने आधी बँकेकडे किंवा गावातल्या बचतगटांकडे जाणे शहाणपणाचे ठरते. हिस्सा विकायची घाई करू नये. केंद्राच्या २०२१ पासूनच्या स्टार्टअप बीजनिधी योजनेत संवर्धन केंद्रांमार्फत कल्पना सिद्ध करण्यासाठी वीस लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली, तीही याच टप्प्यासाठी. प्रत्येक चांगला उद्योग गुंतवणूकदाराच्या साच्यात बसतोच असे नाही आणि बसला नाही म्हणून तो वाईट ठरत नाही. कोकणातील कितीतरी लहान उद्योगांना भागीदारापेक्षा वेळेवर मिळणाऱ्या खेळत्या भांडवलाची गरज अधिक आहे.

मालेगावचा पंप

दूरचित्रवाणीवरील ‘शार्क टँक इंडिया’ हा कार्यक्रम डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि गुंतवणूकदारांपुढील सादरीकरण घरोघरी पोहोचले. पहिल्याच पर्वात नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्याचे कमलेश घुमरे आपल्या भावासह आले. ‘जुगाडू कमलेश’ या नावाने ते पुढे ओळखले गेले. पाठीवर फवारणीचा जड पंप घेऊन शेतकऱ्याला पिकात फिरावे लागते आणि औषध त्याच्या अंगावर उडते, ही त्यांची गोष्ट. त्यावरचा उपाय म्हणजे पंप वाहून नेणारी, ढकलून चालवायची गाडी. ती त्यांनी सोबतच आणली होती.

त्यांच्याकडे गुळगुळीत इंग्रजी नव्हते. समोर बसलेल्या पाचही जणांना मात्र पाठीवरचा पंप आणि समोरची गाडी एकाच वेळी दिसत होती. पीयूष बन्सल यांनी दहा लाख रुपयांच्या बदल्यात चाळीस टक्के हिस्सा घेतला आणि आणखी वीस लाख रुपये बिनव्याजी कर्ज म्हणून देऊ केले.

हा प्रसंग भावपूर्ण होता म्हणून अनेकांच्या लक्षात राहिला, परंतु त्यातले अंकगणितही लक्षात ठेवण्यासारखे आहे. चाळीस टक्क्यांचे दहा लाख, म्हणजे कंपनीचे मूल्य पंचवीस लाख धरले गेले. गोष्टीने गुंतवणूकदाराला टेबलाशी आणले, मात्र किंमत ठरली ती उद्योग कोणत्या टप्प्यावर आहे यावरून. मोठा वाटा बाहेर गेला. तो द्यावा की नाही, हा निर्णय सांगणाऱ्याचा असतो आणि टाळ्यांच्या कडकडाटात तो घ्यायचा नसतो. म्हणूनच सादरीकरणाला जाण्यापूर्वी ‘किती टक्क्यांच्या पुढे आपण जाणार नाही’ हा आकडा घरी बसून ठरवलेला बरा.

दशावतारी नटाची तयारी

सांगण्याचा सराव कसा करावा, याबाबतीत सिंधुदुर्गाला बाहेरचा शिक्षक लागू नये. येथील दशावतारी नाटकाला छापील संहिता नसते. खेळापूर्वी कलावंत एकत्र बसून कोणते आख्यान लावायचे, प्रवेश कोणत्या क्रमाने यायचे हे ठरवतात आणि मग रात्रभर संवाद रंगमंचावरच सुचत जातात. समोरच्या नटाने अनपेक्षित वाक्य टाकले तरी दुसरा अडत नाही, कारण त्याने ओळी पाठ केलेल्या नसतात, त्याला आख्यान ठाऊक असते.

सादरीकरणाला उभ्या राहणाऱ्याने नेमके हेच करायला हवे. शब्द न् शब्द पाठ केलेला माणूस पहिल्या प्रश्नाला गडबडतो. ‘काजूचा हंगाम तीन-चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने तुमचे यंत्र काय करणार?’ असा प्रश्न त्या तरुणीला येणारच. ‘मग आम्ही कोकम करू, फणस करू’ असे उत्तर पटकन तोंडी येईल. पण कोकणात काजू, कोकम, आंबा आणि फणस उन्हाळ्यात एकदमच येतात, हे ठाऊक असलेला गुंतवणूकदार तेथेच हसेल. ‘हंगामात फक्त रस काढून टिकवून ठेवायचा आणि बाटल्या वर्षभर मागणीप्रमाणे भरायच्या. त्यासाठी साठवणुकीच्या टाक्या हव्यात आणि तुमच्या पैशातला मोठा भाग त्यांनाच लागणार आहे,’ हे उत्तर आख्यान ठाऊक असलेल्याचे आहे. प्रश्न अडचणीत आणणारा वाटला होता, त्यातूनच पैसे कशासाठी हवेत याचे कारण पुढे आले.

चित्रांच्या पोथीबाबतही तेच. अमेरिकी गुंतवणूकदार गाय कावासाकी यांनी २००५ साली एक सोपा दंडक सांगितला : दहा चित्रपाने, वीस मिनिटे आणि तीस बिंदूंपेक्षा लहान अक्षर नको. चित्रपानावर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले की श्रोते वाचू लागतात आणि वाचणारा माणूस ऐकत नाही. एक चित्र, एक प्रसंग ही पिंगुळीची शिस्त येथेही लागू पडते.

भाषेचा न्यूनगंडही अनावश्यक आहे. गुंतवणूकदार मराठी जाणणारा असेल, तर ज्या भाषेत धंदा करतो त्याच भाषेत गोष्ट सांगावी. इंग्रजीत बोलणे भागच असेल तर वाक्ये छोटी ठेवावीत आणि ‘बोंडू’ला ‘बोंडू’च म्हणावे. गावातला शब्द गावाचा पुरावा असतो.

गोष्ट कोठे थांबते?

गोष्टीची ताकद सांगितली, तसा तिचा धोकाही सांगणे भाग आहे. अमेरिकेतील एलिझाबेथ होम्स या तरुणीने २००३ साली थेरानोस ही कंपनी काढली. बोटाला टोचून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर अनेक चाचण्या करता येतील, असा तिचा दावा होता. कर्करोगाने गेलेल्या काकांची आठवण ती सांगत असे. वेळीच निदान झाले तर कोणाला आपल्या माणसाचा अकाली निरोप घ्यावा लागणार नाही, हे तिचे आश्वासन ऐकून मोठमोठ्या लोकांनी पैसे ओतले आणि कंपनीचे मूल्य नऊ अब्ज डॉलरवर गेले. यंत्र मात्र सांगितले तसे चालत नव्हते. २०१५ मध्ये वृत्तपत्राने ते उघडकीस आणले. जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल होम्स दोषी ठरली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला अकरा वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली.

फाळके यांचा वाटाणा आणि होम्सचे रक्ताचे थेंब, दोन्ही गोष्टी मनाला भिडणाऱ्या होत्या. फाळके यांनी जे घडले होते तेच दाखवले, होम्सने जे घडावे असे वाटत होते ते घडल्याचे सांगितले. ‘आम्ही हे केले आहे’, ‘आम्ही हे करत आहोत’ आणि ‘आम्हाला हे करायचे आहे’ ही तीन वाक्ये वेगळी ठेवणे, एवढे एक पथ्य पाळले तरी नवउद्योजक मोठ्या संकटातून वाचतो. क्रियापदाचा काळ चुकला की गोष्टीची थाप होते.

पैसा मिळाला म्हणजे गोष्ट संपली, असेही नाही. यशस्वी झालेल्या फाळके यांनी १९१८ साली मुंबईच्या भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू केली. पुढे भागीदारांशी मतभेद झाले आणि ते काही काळ कंपनीतून बाहेर पडले. कलावंताची दृष्टी आणि भागीदारांची दृष्टी यांचा मेळ आधीच घातलेला नसला, तर असा संघर्ष अटळ असतो. म्हणून सांगणाऱ्याने गोष्ट सांगताना समोरच्याचीही पारख करावी. हा माणूस आपल्याबरोबर पाच-सात वर्षे चालेल का, हा प्रश्न त्यानेही विचारायला हवा.

व्हय महाराजा

कोकणात कोणत्याही कामाचा आरंभ गाऱ्हाण्याने होतो. गाऱ्हाणे घालणारा आधी ग्रामदेवतांचे स्मरण करतो, मग उभा आहे तो कोण, काय करायला निघाला आहे, वाटेत काय आड येऊ शकते आणि काम तडीला गेल्यावर तो काय अर्पण करील, हे मोकळेपणाने सांगतो. प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय महाराजा’ म्हणून होकार भरतात. कोण, काय, अडचण, मागणी आणि परतफेड, एवढ्या पाच गोष्टी ज्यात आहेत ते गाऱ्हाणे पूर्ण. गुंतवणूकदारापुढच्या मांडणीतही याहून अधिक काही लागत नाही.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यातील तरुणांनी मुंबईची वाट धरायची आणि चाकरमानी म्हणून गणपतीला घरी यायचे, हा क्रम त्याही आधीपासून चालत आला आहे. गावात राहून काही उभे करू पाहणाऱ्यांची संख्या आता वाढते आहे. त्यांच्याकडे कल्पना नाहीत असे नाही, पण त्या अनोळखी माणसाला सांगताना त्यांची जीभ अडखळते आणि भांडवल दुसऱ्या कोणाच्या तरी दाराने निघून जाते. जिल्हा उद्योग केंद्रे, महाविद्यालये आणि बँका यांनी प्रकल्प अहवालाच्या नमुन्याबरोबर सांगण्याचा सरावही करून घेतला, तर फारसा खर्च येणार नाही. तोवर उमेदवाराने एवढे करावे : सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी आपली गोष्ट घरातल्या अशा माणसाला सांगावी, ज्याला धंद्यातले काही कळत नाही. ऐकून झाल्यावर त्याने ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारले, तर निर्धास्त जावे. त्याने ‘बरे आहे’ म्हणून विषय बदलला, तर त्या रात्री पुन्हा लिहायला बसावे.